गुंडाळलेली तिसरी

नोव्हेंबरात ताम्पेरेला दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
नदीच्या उसळीकाठी जुनी कापडगिरणी,
तिच्या तळमजल्यावर, जिथे पूर्वी सूत मोजत,
तिथे मी तारा मोजते.

इंचाचे हजार भाग करायचे, त्यातले नऊ उचलायचे :
ही झाली बारकी तार.
दहा उचलले तर बोटाला कळतं,
अकरा उचलले तर मनगटाला.
बारा उचलणारे आता उरलेत कितीसे.

सकाळी एक पोरगा आला, भुवईत कडी, काळा कोट.
त्याला गिटार खाली उतरवायची होती, आणखी खाली,
जिथे स्वर संपून नुसती थरथर उरते.
त्याला साठची तार दिली, दोरखंडच म्हणा.
नाणी मोजून देऊन खुशीत गेला.

मग कौको हिर्वेला.
वय अठ्ठ्याहत्तर, लोकरी टोपी,
पेटीच्या तुटक्या कडीऐवजी कमरेचा पट्टा.
"संच हवाय नऊचा. नातवासाठी.
पोराची बोटं नाजूक आहेत."

वीस वर्षं ओळखते मी त्याला.
त्याला नातू नाही.
मी विचारलं, "निकेल की स्टील?"
असं काही विचारलं की माणसाला
खाली बघायला सवड मिळते.

तळ्याकाठच्या नाचमंडपांत, उन्हाळ्याच्या न मावळणाऱ्या रात्रींत
सोळाव्या वर्षापासून वाजवलंय त्यानं.
त्या वाजवण्याला आमच्याकडे नावच पडलं : लोखंडी तार.
तेव्हापासून बाराच्याच, सपाट गुंडाळीच्या.
आज काउंटरवर त्याचे हात,
सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे.

जुन्या तारा उतरवल्या, नऊच्या चढवून पाहिल्या,
तशी गिटारची मान मागे गेली.
साठ वर्षं जिनं ओढ सोसली
ती ओझं उतरल्यावर ताठ होईल, असं वाटतं.
होत नाही. उलटी वाकते,
आणि प्रत्येक पडद्यावर तार करकरते.
आतली सळी पाव फेरा सैल केली.
कॉफी ठेवली. थांबलो दोघं.
मान आहे ती, घाई करून कुणाची राहिलीये?

माथ्याच्या हाडातल्या खाचाही बाराच्या मापाच्या;
नऊची तार त्यांत हिंडत होती
बापाच्या बुटात पोर हिंडावं तशी.
मी नऊचं पाकीट खणात परत टाकलं.
"नातवाला दहा झेपतील," म्हटलं.
तो कपाच्या तळाशी बघत राहिला.
"झेपतील. तिसरी मात्र..."
"गुंडाळलेली?"
"त्याला गुंडाळलेलीच आवडते."

बारीक संचांत तिसरी उघडी येते.
चकाकते, ओरडते, सुरात कुरकुरते.
त्याला हवी ती कुठल्याच पाकिटात नव्हती.
मग सुट्ट्या तारांचा खण ओढला :
दहा, तेरा, अठरा गुंडाळलेली,
सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस.
खाचांत हाडाची पूड नि गोंद भरून
पुन्हा कोरल्या, एकेक, केसागणिक.
बाहेर पावसाचं हिम होत होतं, हिमाचा पाऊस.

त्यानं एक वॉल्ट्झ धरला.
सगळेच स्वर थोडे चढलेले.
तारांचा काही दोष नव्हता,
बोटं अजून बाराला दाबत होती.
थांबला. हसला, नाकातल्या नाकात.
"सांगायला हवं त्याला, हळू धर म्हणून."
"सांगा," मी म्हटलं.
आणि पाठ फिरवून उगाच
पाकिटं नीट लावत बसले
तो सांगत असताना.

निघताना जुन्या तारांचं वेटोळं मी टोपलीत टाकणार,
तर त्यानं सहावी तेवढी काढून घेतली,
बोटाला गुंडाळून खिशात ठेवली.
"पाईक माशासाठी," म्हणाला.
"साधी दोरी कुरतडून जातो मेला. दात असतात त्याला."